बारा जार गाळ आणि एक बादली

माझ्या दाजींनी पुढे केलेला चहाचा कप आमच्या नात्यातल्या निम्म्या माणसांनी कधी हातात घेतला नाही. "नको, आत्ताच झाला," असं म्हणायचं, आणि तोच चहा अक्काने आणून दिला की फुर्र करून प्यायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला किती मान द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा. शहराच्या टोकाला सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे, तिथे ते ऑपरेटर. एकतीस वर्षं. सगळं शहर सकाळी उठून जे सोडतं आणि साखळी ओढून विसरतं, ते सगळं यांच्याकडे येतं. मीही तिथेच आहे, प्रयोगशाळेत, पाण्याचे नमुने तपासते. पण माझ्या अंगावर पांढरा कोट असतो, त्यामुळे माझ्या हातचा चहा सगळ्यांना चालतो. त्या कोटाला दिवसभरात काय काय लागतं ते त्यांना ठाऊक नाही, आणि मी कशाला सांगू?

अक्काचं तर विचारूच नका. माझी सख्खी बहीण, पण खरं ते खरं. दाजींनी मागच्या दाराने यायचं, मोरीत आंघोळ करायची, आपले कपडे आपण धुवायचे, तेही आपल्या बादलीत. निळी प्लास्टिकची बादली, कडी तुटलेली, तारेने बांधलेली. 'त्यांची बादली' असंच तिचं नाव होतं. अक्काने तिला एकतीस वर्षांत बोट लावलं नव्हतं. मोरीत ती आडवी आली तर पायाने सरकवायची.

आणि मी? मी काय कमी होते! लग्न ठरलं तेव्हा मीच अक्काला म्हणाले होते, "जन्मभर नाक धरून संसार करशील बाई." दाजी पलीकडच्या खोलीत होते. त्यांनी ते ऐकलं होतं, हे मला त्यांनीच वीस वर्षांनी सांगितलं, हसत हसत. राग नाही, काही नाही. या माणसाचा सज्जनपणा असा की समोरच्याला शरम वाटावी आणि त्या शरमेचा राग त्यांच्यावरच निघावा.

आता त्यांचं काम सांगते. लोकांना वाटतं आम्ही पाणी गाळतो नाहीतर काहीतरी औषध टाकतो. छे! पाणी आम्ही साफ करतच नाही. जंतू करतात. मोठी टाकी असते, तिच्यात घाण पाणी येतं, खालून हवा सोडलेली असते, आणि त्या तपकिरी पाण्यात अब्जावधी जंतू ती घाण खात असतात. खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. पुढच्या टाकीत ते गठ्ठे तळाला बसतात आणि वरून नितळ पाणी नदीला जातं. खाली बसलेला गाळ परत पहिल्या टाकीत, पुन्हा कामाला. आम्ही फक्त हवा द्यायची आणि त्यांच्या मध्ये लुडबुड करायची नाही. ही दुसरी गोष्ट लोकांना फार जड जाते.

दाजी त्यांना 'मंडळी' म्हणायचे. सकाळी आल्या आल्या एक लिटरची काचेची नळी टाकीतल्या पाण्याने भरायची, ओट्यावर ठेवायची आणि अर्धा तास समोर स्टूल टाकून बसायचं. गाळ किती खाली बसतो, किती वेळात बसतो, वरचं पाणी कसं दिसतं. मग बोटभर गाळ नाकाशी. "मातीचा वास आला की मंडळी मजेत. सडका आला की हवा कमी पडतेय." मी तीन तास उपकरणांशी झटापट करून जो आकडा काढायचे, तो हा माणूस साडेआठला नाकाने सांगून मोकळा. सुरुवातीला माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मग मी गपचूप आधी त्यांना विचारायला लागले.

एकदा मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. देठावर उभे असलेले, घंटेसारखे जीव, तोंडाभोवती केस फिरवत पाणी ओढणारे. दाजी इतका वेळ डोळा लावून बसले की मला माझं काम थांबवावं लागलं. वर बघून म्हणाले, "इतकी वर्षं यांच्याशी बोलतोय, पण तोंड आज पाहिलं." त्यानंतर दर शनिवारी यायचे. "धाकटे, घंटीवाले कसे आहेत बघू दे."

चार वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या एक बाई आमच्याकडे नमुने न्यायला आल्या. जंतूंवर संशोधन करायच्या. त्या म्हणाल्या, मूत्रातून येणारा अमोनिया पाण्यातून काढायचं काम दोन प्रकारचे जंतू मिळून करतात, एक अर्धं करतो, दुसरा उरलेलं, असं शंभर वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. आणि अगदी अलीकडे कळलं, की दोन्ही कामं एकटा करणारा जंतूही आहे. सगळीकडे होता. पाण्याच्या नळ्यांत, मातीत, अशा टाक्यांत. कोणाला दिसला नव्हता, कारण प्रयोगशाळेच्या बशीत वाढवून बघायची जुनी रीत, आणि बहुतेक जंतू बशीत वाढतच नाहीत. आता चमचाभर चिखलातल्या सगळ्यांच्या वंशावळी एकदम वाचता येतात, तेव्हा कळलं की आपण ज्यांना ओळखत होतो ते मूठभरच. बाकी सगळं जग आपल्याला न विचारता चाललेलं.

"आमच्याकडे असेल का तो?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, सांगता येत नाही, त्याला हवा कमी आणि निवांतपणा जास्त लागतो. दाजी दारात उभे होते. म्हणाले, "मग धाकट्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात बघा. तिथली हवेची नळी पहिल्यापासून मंद आहे. मी मुद्दाम बदलली नाही. तिथला गाळ जरा लालसर असतो, पण काम चोख करतो."

बाईंनी तिथला नमुना नेला. दोन महिन्यांनी फोन आला. तो तिथे होता, आणि त्याच्या भावकीत आजवर कोणी न पाहिलेला होता. बाईंचा निबंध छापून आला, शेवटी बारीक अक्षरात 'प्लांटच्या कर्मचाऱ्यांचे आभार'. दाजींचं नाव नाही. मला संताप आला. दाजी म्हणाले, "माझं कशाला? नळी मंद होती, एवढंच."

आणि मग आमच्या नशिबाला साहेब आले.

नवे अधीक्षक. आधी बागा खात्यात होते. तिथे झाडांना चुना फासून, कुंड्या रंगवून नाव कमावलेलं. खिशात हात पुसायचं औषध, दाराची कडी धरायला रुमाल, खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची पुसायची. गटाराच्या प्लांटवर असा माणूस पाठवायला डोकंच लागतं! माणसाच्या अंगात त्याच्या स्वतःच्या पेशींच्या दहापट जंतू असतात असं पूर्वी म्हणायचे. आता नीट मोजल्यावर कळलं की साधारण बरोबरीनेच असतात. साहेबांच्या बाबतीत मला जुना आकडाच खरा वाटतो. त्या माणसात स्वतःचं असं फारच थोडं होतं.

स्वच्छ शहराच्या स्पर्धेची समिती येणार होती. गुरुवारी. सोमवारपासून आमच्याकडे रंगाचे डबे. कठड्यांना पिवळा, पायऱ्यांना लाल, वाटेवर कुंड्या. मंगळवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"टाक्यांना वास येतोय," साहेब म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सांडपाण्याच्या प्लांटला वास येतोय, हा शोध त्यांना लागला होता.

"आणि पाणी तपकिरी दिसतं. समितीसमोर हे चालणार नाही. उद्या दुपारी सगळ्या टाक्यांत ब्लीचिंग टाका. पन्नास पोती मागवलीत. टाक्या निर्जंतुक दिसल्या पाहिजेत."

कोणीही हसलं नाही, कारण साहेब हसत नव्हते. दाजी उभे राहिले. भर सभेत ते उभे राहिलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"साहेब, जंतू मारले तर काम कोण करणार?"

"म्हणजे?"

"पाणी तेच साफ करतात, साहेब. टाकी म्हणजे तेच. ते गेले की नुसता हौद."

साहेबांनी असं बघितलं, जणू भिंत बोलली. "सरकार तुम्हाला जंतू मारायला पगार देतं की पाळायला?"

"पाळायला, साहेब," दाजी म्हणाले. अगदी खरेपणाने. उर्मटपणा त्यांना येतच नाही, आला असता तर बरं झालं असतं.

मी पण बोलले. पुस्तक दाखवलं, बाईंचा निबंध दाखवला. गाढवाला गुळाची चव काय! साहेबांनी निबंधाचं पहिलं पान बोटाच्या टोकाने उचललं, ठेवलं आणि बोटाला औषध लावलं. "तुम्ही लोक घाणीत राहून घाणीच्या प्रेमात पडलाय," म्हणाले. "ऑपरेटर टाकणार नसेल तर ठेकेदाराची माणसं टाकतील."

बुधवारी सकाळी दाजी नेहमीप्रमाणे आले, नळी भरली, अर्धा तास बसले. मग कार्यालयातले पिण्याच्या पाण्याचे रिकामे जार गोळा केले. वीस-वीस लिटरचे बारा. धाकट्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यातला गाळ त्यात भरला, टेम्पो बोलावला आणि गेटवर गेले. आता पुढचं नीट ऐका, कारण असा चोर तुम्ही जन्मात पाहिला नसेल. गेटवाल्याने विचारलंही नव्हतं. दाजींनी स्वतः रजिस्टर मागून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'गाळ, जार १२, घरी नेत आहे.' खाली सही, वेळ.

दुपारी ब्लीचिंग पडलं. मी खिडकीतून पाहिलं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं पोती उपडी करत होती. तासाभरात पांढरा फेस वर आला, कुंड्यांपर्यंत. दाजी जारांबरोबर घरी होते तेच बरं.

घरी वेगळाच तमाशा. अक्का दारात आडवी. "जे एकतीस वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं ते जारात भरून घरात आणताय? हे आत आलं तर मी माहेरी जाते."

माहेर आता उरलंय कुठे? माझंच घर. मी संध्याकाळी गेले तेव्हा म्हणाले, "चल, येतेस तर ये. माझ्या कोटालाही तेच लागलेलं असतं." ती माझ्याकडे बघतच राहिली. गेली नाही ती. पण त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून बसली.

जार मोरीत आणि मागच्या व्हरांड्यात. मासे पाळायची काचेची पेटी असते ना, तिला हवा सोडायचे छोटे पंप मी दुकानातून आणले होते. रोज त्यांना थोडं खायला. शिळंपाकं कुस्करून, आणि अमोनिया लागतो तो आणायला कोणाला लांब जावं लागत नाही. अक्का म्हणाली, "आता हेही बघायचं राहिलं होतं."

गुरुवारी समिती आली. तिघं जण. दोन गृहस्थ आणि तिसऱ्या आमच्या विद्यापीठातल्या बाई! खास धाकटी टाकी बघायला म्हणून समितीत आल्या होत्या. कुंड्यांतून वाट काढत कठड्याशी गेल्या आणि थांबल्या. पोहण्याच्या तलावाचा असतो तसा वास होता.

"टाकीत काय घातलंत?"

"निर्जंतुक केली मॅडम," साहेब छाती काढून म्हणाले. "पन्नास पोती."

बाई तिथल्याच एका रंगवलेल्या कुंडीच्या काठावर बसल्या, रंग ओला होता तरी. मग माझ्या प्रयोगशाळेत आल्या, थेंब काचेवर घेतला. एकही घंटीवाला हलत नव्हता. देठ होते, वर काही नाही. "चार वर्षं," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या कानात सांगितलं, दाजींनी बारा जार नेलेत. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

दुसरे दोन गृहस्थ कुंड्यांचे फोटो काढून गेले.

शुक्रवारपासून पाणी गढूळ जायला लागलं. रविवारी नदीवर फेस, सोमवारी शहरात दुर्गंधी. खरी दुर्गंधी. साहेबांना वाटायचं आधी येत होती ती दुर्गंधी. खरी आता कुठे त्यांना भेटली. पेपरात बातमी, वरच्या कार्यालयातून फोनावर फोन. दुसऱ्या शहरातून गाळाचे टँकर मागवता आले असते, पण मागवायचे तर आपला गाळ का मेला ते कागदावर लिहावं लागलं असतं. आणि साहेबांनी कागदावर वेगळंच लिहिलं.

साहेबांना गेटचं रजिस्टर सापडलं होतं. अहवालात लिहिलं, की ऑपरेटरने टाकीतले उपयुक्त जंतू विनापरवाना घरी नेल्यामुळे शुद्धीकरणाची प्रक्रिया बंद पडली. बघा बरं का! मंगळवारी जंतू म्हणजे घाण होती. सोमवारी ते उपयुक्त झाले, सरकारी झाले आणि चोरीला गेले. लाखो लिटरच्या टाकीतून बारा जार नेले म्हणून टाकी मेली. पन्नास पोत्यांचा उल्लेख 'नियमित स्वच्छता' असा. चोर तो चोर, वर शिरजोर!

दाजी निलंबित. सरकारी मालमत्तेची चोरी. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. आरोप सिद्ध झाला तर बडतर्फ, निवृत्तिवेतन गेलं, आणि एकतीस वर्षांच्या शेवटी कपाळावर काय, तर चोर. त्या दिवशी दाजी पहिल्यांदा खचलेले दिसले. "घाणीतला माणूस म्हणाले तर मी ऐकून घेतलं," ते म्हणाले. "पण मी चोर नाही गं, धाकटे." आणि आमचे नातेवाईक! एक मामा तर फोनवर म्हणाले, "चोरायचंच होतं तर काहीतरी बरं तरी चोरायचं." मी फोन आपटला.

मंगळवारी दाजींना वरच्या कार्यालयात जबाब द्यायला बोलावलं. मी कामावर. दुपारी दोनला वीज गेली. पंप बंद. घरात अक्का एकटी आणि बारा जार.

मला सुचलं तेव्हा चार वाजले होते. फोन लागेना. धावतपळत पोचले तर मागचं दार उघडं. अक्का व्हरांड्यात खाली बसलेली, बाह्या कोपराच्या वर, हात तपकिरी. समोर निळी बादली. तीच, 'त्यांची'. जारातला अर्धा गाळ बादलीत ओतायचा, तांब्याने उंचावरून वरखाली करायचा, फेस आला की परत जारात. मग दुसरा जार. एकामागून एक. दोन तास ती हेच करत होती.

"बघत काय उभी राहिलीस? तांब्या घे," ती म्हणाली. "या कोपऱ्यातल्या दोघांचा वास बदलला होता. आता परत आला."

"कसला वास, अक्का?"

"मातीचा. ते सांगत नव्हते का रोज?" आणि मग इकडे तिकडे बघत, जरा चिडूनच, "एकतीस वर्षं सांगत होते. माझं लक्ष होतं कुठे."

वीज साडेसहाला आली. तोवर आम्ही दोघी बसलो होतो. तिने दाजींना काही सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. बादली मात्र पुन्हा मोरीत गेली नाही. जार तोंडापर्यंत भरायला लागले होते, जास्तीचा गाळ तिच्यात.

पुढच्या सोमवारी चौकशी. वरून एक चष्मेवाले अधिकारी आले होते, कोरडा माणूस, पण निदान ऐकत होता. समोर टंकलेखक, बाजूला साहेब, नाकाला रुमाल. मुद्देमाल हजर करा असा हुकूम होता. जार टेम्पोत खाली ठेवले आणि नमुना म्हणून बादली वर आणायची ठरलं. अक्काने ती कोणाला धरू दिली नाही. दोन जिने स्वतः चढली, दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"किती नेला होतात?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"बारा जार, साहेब," दाजी म्हणाले.

"आणलात किती?"

"बारा जार आणि एक बादली."

चष्मेवाल्यांनी रजिस्टर पाहिलं, मग बादली. "नेताना बादली नव्हती. जास्त कसा?"

"वाढले, साहेब."

"कोण वाढले?"

"मंडळी."

टंकलेखकाचा हात थांबला. 'मंडळी' कसं लिहायचं ते त्याला कळेना.

"पाणी मिसळलं असणार," साहेब रुमालातून म्हणाले. "आणि हे जिवंत आहे कशावरून? नुसती घाण आहे ती. हे कार्यालयात आणलंच कसं? वास बघा केवढा!"

तेव्हा अक्का पुढे झाली. माझी बहीण, जिने नवऱ्याला एकतीस वर्षं पुढच्या दाराने घरात घेतलं नव्हतं. तिने बादलीत हात घातला, ओंजळभर गाळ काढला, स्वतःच्या नाकाशी नेला, मग साहेबांच्या समोर धरला.

"घ्या वास, साहेब. मातीचा येतो. सडका आला असता तर मेलेला असता. तुमच्या टाकीचा येतोय ना, तसा."

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. भिंत आली. चष्मेवाले मात्र उठले, वाकले आणि अक्काच्या ओंजळीतला वास घेतला. बराच वेळ. "हो," म्हणाले. "मातीचाच आहे." मी ब्लीचिंगच्या पन्नास पोत्यांची पावती आणि बाईंचं पत्र टेबलावर ठेवलं.

तुम्हाला वाटेल सत्याचा विजय झाला. कसला डोंबलाचा विजय! निकाल त्याच दुपारी लागला, असा की चोरी सिद्ध होत नाही कारण नोंद केली होती. पण परवानगी घेतली नाही म्हणून ताकीद, कायमची, सेवापुस्तकात. आणि त्याच कागदात पुढची ओळ: सदर ऑपरेटरने सदर गाळ वापरून टाकी तातडीने पूर्ववत करावी. म्हणजे संन्याशाला सुळावर चढवायचं आणि वर त्यालाच सुळाचे खिळे ठोकायला सांगायचं. साहेबांना कसली ताकीद नाही. त्यांची बदली झाली, बढतीवर. स्पर्धेत आमच्या प्लांटला परिसर सुशोभनाचं बक्षीस मिळालं. ती ढाल अजून कार्यालयात आहे, मी तिच्याखाली वापरलेल्या काचा ठेवते.

टाकी मात्र दाजींनी उठवली. आधी एका जुन्या लहान हौदात बारा जारांचा गाळ वाढवला, मग धाकटी टाकी, मग मोठ्या. अडीच महिने लागले. नदीवरचा फेस गेला, शहर पुन्हा साखळी ओढून विसरायला मोकळं झालं. बाईंनी मागच्या कोपऱ्यातला नमुना परत नेला. तो होता. या वेळी निबंधाच्या शेवटी दाजींचं नाव आहे. ते त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, आणि शनिवारी घंटीवाले बघायला आले.

चौकशीच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. मुद्देमाल जमा झाल्याची पावती केली: 'गाळ, जार १२ नग. बादली, निळी, १ नग.' कारकुनाने लगेच बादलीवर पांढऱ्या रंगाने सरकारी क्रमांक घातला. मी म्हणाले, अहो, बादली घरची आहे. तो म्हणाला, यादीत आली, आता अर्ज करावा लागेल. अक्का म्हणाली, "राहू दे."

संध्याकाळी मी अक्काकडेच होते. दाजी लहान हौदात गाळ ओतून घरी आले, गुडघ्यापर्यंत माखलेले. नेहमीसारखे घराला वळसा घालून मागे गेले. व्हरांड्यात शोधलं, मोरीत डोकावलं.

"अगं, माझी बादली कुठंय?"

"सरकारजमा झाली," अक्का आतून म्हणाली.

"मग कपडे कशात भिजवू?"

अक्का बाहेर आली. हात पुढे केला. "द्या इकडे. माझ्यातच टाकते," ती म्हणाली. "आणि उद्यापासून पुढच्या दाराने या. मागची कडी मी लावून टाकलीय."

दाजी तिथेच उभे राहिले, एका हातात शर्ट, आणि मला म्हणाले, "धाकटे, जरा चहा टाक." मी टाकला. कप त्यांनीच आणून दिला आणि मी तो त्यांच्या हातून घेतला.